माणूस उलटा फिरला तेव्हा

मिल्या,

तुझ्या अंत्ययात्रेच्या दिवशी मी आधी दुसऱ्याच एका माणसाला हार घालायला गेलो होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला तुझं मन तयार होईल.

तुमचे वरळीचे नवे टॉवर सगळे एका साच्यातून काढलेले. चाळीत कसं, जिना चढताना कुणाकडे बोंबील तळतायत यावरून मजला कळायचा. इथे लिफ्टमधून बाहेर पडलं की तीच पांढरी भिंत, तेच तपकिरी दार. मी बाराव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. हातात पांढऱ्या फुलांचा हार, चेहऱ्यावर दुःख लावून तयार. दार उघडलं बनियनवरच्या एका गृहस्थाने. तोंडात टूथब्रश.

‘कोण पाहिजे?’

‘मिलिंद... गेला ना?’

‘मी आहे अजून,’ ब्रश काढून ते म्हणाले, ‘आणि मी मिलिंद नाही.’

‘सॉरी हां.’

‘सॉरी कसलं? बरंच आहे की.’ मग हाराकडे बघत म्हणाले, ‘बाजूची विंग. आणि काका, तो हार पिशवीत घाला. प्रत्येक दारात असा धरून उभे राहू नका.’

मी लिफ्टने खाली आलो तो हाच विचार करत, की हे मिल्याला सांगितलं तर तो हसून हसून भिंत धरेल. आणि बाजूच्या विंगेत आलो तर तू मधोमध झोपलेला. अंगावर पांढरी चादर. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माझी एक फजिती अशी नाही जिला तू हसला नाहीस. त्या दिवशी हसला नाहीस. डॉक्टरांचं सर्टिफिकेट बाकीच्यांना. मला तेवढ्यावरून पटलं.

आता मुद्द्याचं. पुढे काही नसतं, हे तुझं ठाम मत. ‘मेलेला माणूस ऐकत नाही, बाळ्या. बोलायचं ते जिवंतपणी बोल,’ असं तू दर दसपिंडाच्या पंगतीतून मी जेवून आलो की सुनावायचास. तुझ्या हिशेबाने हे लिहिणं म्हणजे मीटर कापलेल्या खोलीत बटण दाबत बसणं. पण काय करू? जिवंतपणी बोलायचं ते मी तीस वर्षं बोललो नाही. तेव्हा आज तुझं मत बाजूला ठेवून तुझ्याशीच बोलावं लागतंय.

गोष्ट त्या देखाव्याची आहे. हो, तोच. तोंड वाकडं करू नकोस.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. त्या वर्षी आमच्या चाळीच्या गणपतीपुढे चलचित्र करायचं ठरलं. चलचित्र म्हणजे बाहुल्यांचा हलता देखावा. आतून मोटार फिरते, बाहेर बाहुल्या हलतात आणि माईकवर एक माणूस घसा ताणून कथा सांगतो. लालबागची मोठी मंडळं त्यात पर्वत उचलायची, राक्षस फाडायची. आमच्याकडे जागा दोन खाटांची. मी तेव्हा एका कंपनीत टायपिस्ट होतो आणि स्वतःला लेखक समजत होतो. दोन्ही कामांत चुका सारख्याच व्हायच्या, पण टायपिंगच्या खोडता यायच्या. बैठकीत मी उठून विषय मांडला, ‘मानवी जीवनाचा अर्थ’.

अध्यक्षांनी विचारलं, ‘बाहुल्या किती लागतील?’

‘पाच.’

‘पाचात बसेल अर्थ?’

‘बसवू.’

मोटारीसाठी मी तुझ्याकडे आलो. समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तू मिलमध्ये वायरिंग खात्यात होतास. तू चहा पुढे केलास आणि म्हणालास, ‘हे बघ, मूर्तीपुढे हात जोडणार नाही. मोटार जोडून देतो. मोटारीला धर्म नसतो.’ मी म्हटलं, चालेल. तुमच्या जयंतीच्या चित्ररथाचे फलक मी रंगवायचो, त्यातली निम्मी अक्षरं तू मागून नीट करायचास. तेव्हा आपल्यात देवाणघेवाण होतीच.

काय झकास यंत्र केलं होतंस! प्लायवूडची एक मोठी गोल तबकडी. खाली टॅक्सीच्या वायपरची जुनी मोटार. तबकडीवर पाच बाहुल्या. पाळण्यातलं बाळ, दप्तरवाला शाळकरी पोर, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, हातात डबा घेतलेला कामगार आणि काठी टेकणारा म्हातारा. पुढे पडदा, पडद्याला एकच खिडकी. तबकडी हळूहळू फिरायची आणि खिडकीत एका वेळी एकच वय दिसायचं. बाहुल्या भाड्याच्या होत्या. नवरदेव आदल्या वर्षी कुठल्या तरी किल्ल्यावर मावळा होता, त्यामुळे मुंडावळ्या बांधूनही तो सासरवाडीवर चाल करून निघालेला दिसायचा.

भांडण झालं ते माझ्या लिखाणावरून. मी तुला पहिलं वाक्य वाचून दाखवलं, ‘अनादी काळापासून मानवी अस्तित्व हे एक अनाकलनीय, गूढगहन कोडे राहिलेले आहे.’

तू पकड खाली ठेवलीस. ‘हे तुला कळलं?’

‘नाही. म्हणूनच अनाकलनीय.’

‘मग लोकांना काय कळणार? ते बिचारे रांगेत उभे राहून येणार.’

शेवटावरून तर आपण आठवडाभर बोलत नव्हतो. मला म्हातारा आडवा करायचा होता, वर पांढरं कापड, मागे सनई. तू म्हणालास, ‘माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, बाळ्या. त्यासाठी मोटार कशाला जाळायची? जिवंत असताना काय करतो ते दाखव.’

‘काय करतो?’

‘ते तू लेखक, तू सांग.’

‘तूच सांग. माणूस म्हणजे काय, एका वाक्यात.’

तू म्हणालास, ‘विचार करतो.’ आणि तुझी सवय अशी की विचार करतो म्हणालास की खरंच करायचास. माझ्यासारखं नाही. शेवटी तडजोड झाली. म्हातारा मरणार नाही, नुसता काठी टेकून उभा राहील, आणि सनई राहू दे. वाक्य मात्र राहिलंच.

मग परीक्षणाचा दिवस. विभागातल्या मंडळांची स्पर्धा होती, रात्री परीक्षक यायचे होते. संध्याकाळी तू सगळी जोडणी केलीस, तबकडी दहा वेळा फिरवून पाहिलीस, बाळ, पोर, नवरदेव, कामगार, म्हातारा, सगळे ओळीने, आणि घरी जेवायला गेलास. जाताना मला बजावलंस, ‘कशाला हात लावू नको.’

मी हात लावला नाही. मी फक्त टेबल सरकवलं.

म्हणजे काय झालं, माझं माईकचं टेबल पडद्याच्या मागे पडत होतं. मी दिसणार नाही तर लेखक कसला? टेबल पुढे घ्यायला तुझ्या दोन वायरी आड येत होत्या. मी त्या काढल्या. एक लाल, एक काळी. टेबल पुढे घेतलं, भांग पाडला आणि वायरी परत लावल्या. कुठली कुठे होती ते आठवेना. पण शाळेत शिकवलं होतं ना, वीज इथून जाते, गोल फिरून परत तिथेच येते. मी म्हटलं, गोल फिरून घरी यायचंच आहे तर कुठल्या का दाराने निघेना! लावल्या आणि निर्धास्त झालो. त्या मोटारीला ती कशी फिरते हे लाल-काळ्यावर अवलंबून असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं होतंस, पण तेव्हा मी सनईचा विचार करत होतो.

परीक्षक आले. तिघे. त्यातले मुख्य खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, असे. मी बटण दाबलं आणि पडद्याकडे पाठ करून कागद वाचायला लागलो. पाठ करून, कारण मान वर केली असती तर ओळ सुटली असती.

‘बाळ जन्माला येते!’ खिडकीत बाळ. इथवर ठीक.

‘चिमुकल्या पावलांनी ते शाळेची पहिली पायरी चढते!’ खिडकीत काठी टेकणारा म्हातारा.

लोक हसले. मला वाटलं, चिमुकल्या पावलांना हसले. लोकांना लहान मुलं आवडतात.

‘तारुण्याच्या उंबरठ्यावर त्याच्या कपाळी मुंडावळ्या सजतात!’ खिडकीत डबा घेतलेला, पाठीतून वाकलेला कामगार. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, ‘खरंय, लग्नात असाच दिसत होता आमचा!’ मी सुखावलो. माझ्या भाषेत विनोदाचा असा झरा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

‘आता येते संसाराचे ओझे! पाठ वाकते, स्वप्ने विरतात!’ खिडकीत नवरदेव, छाती काढून, चाल करून. टाळ्या.

‘आणि अखेर, थकलेली गात्रे, अंधुक डोळे, शेवटची वाट...’ सनई सुरू झाली आणि खिडकीत दप्तर घेतलेला पोर, दोन्ही गाल लाल, हसरा. मंडपात हशाने पत्रे हलले. मी वळून पाहिलं. तोवर तबकडी पुढे सरकली होती आणि म्हाताऱ्याच्या जागी पाळण्यातलं बाळ परत येऊन बसलं होतं.

तेव्हाच तू जेवून आलास. तुझा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. तू लोकांमधून वाट काढत आलास, मोटारीकडे बघितलंस आणि कपाळाला हात लावलास. तपासलंसुद्धा नाहीस. तिथल्या तिथे म्हणालास, ‘माझ्या हातून उलटं लागलं.’

मी तोंड उघडलं होतं, मिल्या. देवाशप्पथ... राहू दे, तुला ती चालत नाही. माझ्या आईशप्पथ, मी तोंड उघडलं होतं. ‘नाही रे, मी...’ इतकं बाहेरही पडलं होतं. तेवढ्यात ते झोळीवाले माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘काय कल्पना! काय कल्पना! म्हातारा शाळेत जातो, कारण शिक्षण कधी संपत नाही. आणि मृत्यूनंतर पुन्हा पाळणा! पुनर्जन्माचं चक्र इतक्या सोप्या रीतीने दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. हे तुम्हाला सुचलं?’

मी म्हटलं, ‘हो.’

उत्तेजनार्थ ढाल मिळाली. ‘मानवी जीवन आणि पुनर्जन्म’ यासाठी. आणि ज्याने यंत्र केलं त्याला पुनर्जन्म मान्य नाही. तुझ्या वस्तीत लोक तुला महिनाभर विचारत होते, ‘काय मिलिंदराव, कधी फिरलात परत?’ तू ऐकून घेतलंस. मला एवढंच म्हणालास, ‘तुझी मेहनत मी वाया घालवली रे. नशीब तुझं, ढाल तरी आली.’

सांगायचं होतं तेव्हाच. ठरवलं, उद्या सांगू.

त्या दिवसापासून तुझं ते सुरू झालं. कुठलंही काम केलंस, साधा बेलचा स्विच बदललास तरी, मेन चालू करण्याआधी बोट ठेवून तीनदा मोठ्याने म्हणायचास, ‘लाल, काळा. लाल, काळा. लाल, काळा.’ आमच्याकडे पंखा लावायला आलास तेव्हा माझी आई मालवणीत म्हणाली होती, ‘ह्यो इलेक्ट्रिशियन आसा की भटजी? पंख्याची आरती करता!’ सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं जरा उशिरा आलं.

मिल बंद पडल्यावर तू खासगी कामं धरलीस, आणि वरळीपासून नायगावपर्यंत बीडीडी चाळींच्या खोल्याखोल्यांतून तुझं नाव झालं. तीनदा तपासणारा मिलिंद. लोक म्हणायचे, उशीर करतो पण करंट लागू देत नाही. मी स्वतःची समजूत घालायचो, बघ बाळ्या, तुझ्या एका चुकीने केवढा कारागीर घडला! सबब म्हणून वाईट नव्हती. नाहीतरी माणूस म्हणजे सबब सांगणारा प्राणी, असं माझं मत होतं. ते तुला बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती, कारण तू विचारलं असतंस, कसली सबब?

एकदा दादरला इराण्याकडे बसलो होतो. मी मनाशी धडा पाठ करून आलो होतो. म्हटलं, ‘मिल्या, तो देखावा आठवतो?’

तू कप बशीत ठेवलास. ‘नाव काढू नको. आयुष्यात कामात एकच चूक केली, तीपण अख्ख्या विभागासमोर.’

‘नाही, म्हणजे त्यात...’

‘पण एक सांगू? त्या चुकीने मला माणूस केलं. आधी मला वाटायचं, आपला हात चुकत नाही. माज होता थोडा. गेला.’

मी आणखी एक बनमस्का मागवला.

पुढे तुझी प्रज्ञा इलेक्ट्रिकल इंजिनीयर झाली. तू पेढे घेऊन आलास, ती मागे. माझ्यासमोर तिला म्हणालास, ‘साइटवर चूक झाली की आधी म्हणायचं माझी, मग तपासायचं कुणाची. विचार काकांना, तुझ्या बापाने काय केलं होतं.’ आणि मी, मिल्या, मी साक्षीदारासारखी मान डोलावली. तोंडात पेढा होता. तोही तुझा.

शेवटची संधी परळच्या हॉस्पिटलात होती. तू नाकाला नळी लावून पडला होतास. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी स्टूल पुढे ओढलं. घसा साफ केला. तेवढ्यात तू डोळे उघडून म्हणालास, ‘बाळ्या, तो मागचा प्लग बघ. सैल वाटतोय.’

मी वाकलो तर नर्स धावत आली. ‘ओ काका! हात लावायचा नाही!’

तू नळीतून हसलास. ‘घाबरू नका सिस्टर. हा वायरीला हात लावत नाही. हा नुसता बोलतो.’

तीस वर्षं तुझा हाच समज होता. मला बल्ब बदलता येत नाही, इस्त्रीचा प्लग लावताना मी तोंड फिरवतो, हे दोन्ही चाळींत जाहीर. मी परत स्टुलावर बसलो आणि विषय बदलला. म्हटलं, ‘तुझं ते वाक्य राहिलं. माणूस म्हणजे काय?’

‘विचार चालू आहे,’ तू म्हणालास. मग थोड्या वेळाने, ‘तुला घाई असली तर तू लिही. पण छोटं लिही.’

मी तुला वडापाव आणू का विचारलं. नळी लावलेल्या माणसाला. हे माझे तुझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. माझ्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा तुझीही नसेल.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं, म्हणजे तुमच्यातली आठवणींची सभा, टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये. बुद्धवंदना झाली, मग ज्याला जे आठवेल ते बोलायला एकेक जण उठला. प्रत्येकाने लाल-काळा सांगितलं. कुणाच्या बारशाला पाळण्यावरचं दिव्यांचं तोरण तीनदा तपासलंस, कुणाच्या लग्नाला वरात थांबवून ठेवलीस. लोक डोळे पुसत हसत होते. मग प्रज्ञा उठली. म्हणाली, ‘पप्पांना मी लहानपणी विचारलं, तुम्ही इतकं का तपासता? तर म्हणाले, माझ्या हातून एकदा अख्खा माणूस उलटा फिरलाय, बाळा. परत नको.’

मला बसवेना. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी उठलो, माईक घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. ‘ती चूक मिलिंदची नव्हती. वायरी मी काढल्या आणि मीच उलट्या लावल्या. त्याने तीस वर्षं उगाच स्वतःला दोष दिला. मी गप्प बसलो.’

मला वाटलं, आता चपला येतील. यायला हव्या होत्या. मागून एक जण म्हणाला, ‘काका, तुम्ही? वायर?’

‘हो, मी!’

‘अहो, तुम्ही सेल उलटे घालता रिमोटमध्ये.’

‘तेच तर सांगतोय!’

पण तोवर सूत्रसंचालन करणाऱ्या सुनीलने माझ्या हातून माईक काढून घेतला होता. त्याचा आवाज भरून आला होता. ‘मंडळी, याला दोस्ती म्हणतात. मित्र गेला, तर मित्राची एकुलती एक चूकही हा माणूस स्वतःच्या अंगावर घेतोय.’

‘अरे, अंगावर घेत नाही, माझीच आहे!’

‘बघा! अजूनही!’

टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, नाहीतर वाजल्या असत्या. एका आजींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ‘बाबा, असा दोस्त सात जन्मांत मिळायचा नाही,’ म्हणाल्या आणि लगेच जीभ चावून म्हणाल्या, ‘सात जन्म नसतात आपल्यात. पण असते तर.’ मी जितकं नाही-नाही म्हणत होतो तितका मोठा होत होतो. शेवटी गप्प बसलो, तर तेही नम्रतेत धरलं गेलं. त्या झोळीवाल्याला ‘हो’ म्हणून मी एकदा फुकटचं श्रेय घेतलं होतं. आता खरं बोलून दुसऱ्यांदा घेतलं. मिल्या, मला वाटायचं खरं बोलणं अवघड असतं. ते सोपं आहे रे. लोकांनी ते घेणं अवघड आहे, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. माल फार उशिरा आणला होता.

काल परत तुमच्याकडे गेलो. या वेळी बरोबर विंगेत. वहिनी एकट्याच होत्या, प्रज्ञा कामावर गेली होती. मी बसलो आणि म्हटलं, ‘वहिनी, परवाचं मी...’

‘खरं होतं,’ वहिनी म्हणाल्या.

‘म्हणजे... तुम्हाला पटलं?’

‘बाळभावजी, खोटं बोलताना तुम्हाला मी पुष्कळदा बघितलंय. तेव्हा तुम्ही असे अडखळत नाही.’

मग त्यांनी मला जे सुनावलं ते तू ऐकायला हवं होतंस. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘लग्नाला निघालो की मी साडी नेसून दारात, आणि हे मेनपाशी, लाल-काळा, लाल-काळा. किती अक्षता चुकल्या, मोजल्या नाहीत. प्रज्ञाच्या वेळेस कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा सगळी बटणं तीनदा बघून मग टॅक्सी आणायला गेले. मी बोलायचे, तर म्हणायचे, एकदा चुकलोय ना गं. एक शब्द सांगायचा होता, भावजी. एका शब्दाचं काम होतं.’

मी मान खाली घातली. मग म्हटलं, ‘मी प्रज्ञाला नीट समजावून सांगतो. तिला तरी खरं कळलं पाहिजे. बापावरचा डाग...’

‘डाग?’ वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ‘तिला तो डाग वाटत नाही. आपला बाप चूक झाल्याबरोबर चारचौघांत माझी म्हणाला, यावर ती पोर उभी आहे. साइटवर बाप्यांसमोर ताठ मानेने सांगते, सर, माझं चुकलं, परत करते. ती चूकच त्यांची नव्हती म्हणालात तर तिच्या हातात काय ठेवाल? तुम्हाला?’

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

‘ती चूक आता ह्यांची आहे, भावजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘तीस वर्षं नीट सांभाळलीय त्यांनी. परत मागू नका.’

मग चहा टाकायला उठल्या. साखर घातली नाही. विसरल्या की मुद्दाम, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मी तो पूर्ण प्यायलो.

आता तू म्हणशील, मग हे कशाला लिहिलंस, गाढवा? बाईने सांगितलेलं तुला कळत नाही? कळतं. पण हे कुणी खरं धरणार नाही याची मला पक्की खात्री आहे. लोक वाचतील आणि म्हणतील, केवढं मन! प्रज्ञा वाचेल, डोळे पुसेल आणि म्हणेल, काका पप्पांसाठी काय काय करतात. म्हणू दे. तिचा बाप तिच्याकडे राहू दे, जसा आहे तसा. बाकीच्या सगळ्यांनी मला मोठा म्हणावं, ती माझी शिक्षा. मी ती तोंड बंद ठेवून भोगेन.

तू ऐकत नाहीस, हे मला मान्य आहे. तुझंच खरं असेल. तरी जगात एका माणसाने तरी माझ्यावर विश्वास ठेवून मला एक सणसणीत शिवी घालावी, एवढीच इच्छा आहे, आणि तो माणूस तूच असायला हवास. तेव्हा नीट ऐक. तू जेवायला गेला होतास. तुझं काही चुकलं नव्हतं. हात माझा होता.

तुझा,
बाळ्या